छत्रीची नोंद

प्रिय सुधा,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू फुगली असशील. फुगून घे. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघे आपले तसेच.

चाळ आता पाडायला घेणार आहेत. माळा उपसताना आजोबांची फाईल निघाली. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन ही दारूगोळ्याची बोट फुटली आणि मशीद बंदरची आमची वखार जळाली, हे आजीने तुलाही शंभरदा ऐकवलंय. फाईलमध्ये नुकसानभरपाईच्या अर्जांच्या कार्बन कॉप्या आहेत. गोण्या, तराजू, वजनं, गादी, तक्के, आणि शेवटी 'छत्री एक, नवी'. आजोबा शोभतात ना?

वाचता वाचता तुझा नावडता जनरल ली आठवला, अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला. एम.ए.ला त्याच्यावरून आपण भांडलो होतो आणि चर्चगेटहून दोघी वेगवेगळ्या डब्यांत बसलो होतो!

त्याच्या बायकोचं आर्लिंग्टनचं घर 92 डॉलर 7 सेंट करापायी गेलं. तिने नातेवाइकाहाती पैसे पाठवले, तर मालकिणीने स्वतःच यायला हवं म्हणून ते घेतले नाहीत. 1864 मध्ये सरकारनेच लिलावात ते 26,800 डॉलरना घेतलं आणि त्याच वर्षी तिथे सैनिकांना पुरायला सुरुवात केली. घरातल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या वस्तू परत द्यायला 1869 मध्ये राष्ट्राध्यक्ष तयार झाले, तर तिथल्या संसदेने, काँग्रेसने, अडवलं. तेव्हा लीने लिहिलं की या वस्तू बायकोला पणजीकडून आलेल्या, वडिलांनी दिलेल्या. पण देशाला हव्या असतील तर तिने त्या सोडायला हव्यात. तक्रारीचा सूर नाही. मला तेव्हा रडू आलं होतं, आजही येतं. यावर तुझं ऐकणार नाही.

पण सेलिना ग्रेचं तुझं म्हणणं मात्र रात्रभर डोक्यात होतं. घर सोडताना लीच्या बायकोने किल्ल्या तिच्या हाती दिल्या होत्या. उत्तरेचे सैनिक वस्तू पळवू लागले तेव्हा तिने त्यांच्याच जनरल मॅकडॉवेलला सांगितलं, म्हणून त्या वाचल्या. आणि ती स्वतः त्या घरची गुलाम. "मालमत्तेनेच मालमत्ता राखली," तू ओरडली होतीस, सगळं कॅंटीन वळून बघत होतं.

सुधा, आमच्या वखारीतला एक हमाल त्या दुपारी गेला तो परतलाच नाही. आजी सांगायची, सणाला त्याच्या नावाने पान वाढायची. फाईल मी पुन्हा पुन्हा चाळली. त्यात छत्री आहे, तो नाही. अर्ज मालाचा होता, माणूस त्यात कुठल्या रकान्यात घालणार, हे मलाही कळतं. आजोबा वाईट नव्हते गं. पण नाव तरी कुठे लिहून ठेवलंय? आजी फक्त 'आपला साताऱ्याचा' म्हणायची. त्या आगीत 66 अग्निशामक जवान गेले, त्यांची दर 14 एप्रिलला आठवण काढतात. याची कोण काढणार?

दादा म्हणतो, फाईल रद्दीत घाल, नव्या घरात माळा नाही. मी ती माझ्या कपाटात ठेवलीय. तुझ्या मावशीचे यजमान पोर्ट ट्रस्टमध्ये होते ना? हमालांच्या टोळ्यांची हजेरी कोण ठेवायचं, कुठे ठेवायचं, एवढं विचार. मुकादमाच्या वहीत तरी नाव असेल.

लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं, हे ऐकून बरं वाटलं. नाव काय ठेवलंत? दुपटी शिवतेय, पाठवते. आणि मावशीला आधी विचार, नातवाचे फोटो नंतर.

तुझी,
नलू