कॉम्प्युटर आपल्या घरात चालायचा आहे

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. १२ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गेमिंग कॉम्प्युटरचे कोटेशन मिळाले. माझ्या सेवा केंद्रावरची गर्दी ओसरल्यावर मी ते ओळ न ओळ वाचले आणि तुझ्या बाबांनाही समजावून सांगितले. साठ हजारांची मर्यादा आपण तिघांनी मिळून ठरवली आहे आणि ती पाळायचीच आहे. यंदा, २०२४-२५ च्या हंगामात, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आहे, म्हणजे हा कॉम्प्युटर जवळपास आठ क्विंटल कापसाचा होतो. वेचणीची मजुरी काय पडते ते तुला ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. घेऊ नकोस असे मी मुळीच म्हणत नाही. तुला हे यंत्र भाग निवडून स्वतः जोडायचे आहे, याचा मला आनंदच आहे. मात्र ही यादी एसी असलेल्या आणि वीज न जाणाऱ्या शहरातल्या खोलीसाठी केलेली आहे. तुमच्या हॉस्टेलवर एवढा लोड चालू देत नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटर घरीच राहणार आणि तू तो सर्वांत जास्त वापरणार ते उन्हाळ्याच्या सुटीत, जेव्हा बाहेर पारा ४५ च्या पुढे असतो आणि संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली बसते. यादीतला प्रत्येक भाग आपल्या घराचा विचार करून पुन्हा पाहावा, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यापासून करते, कारण तुझ्या यादीत त्याची स्वतंत्र ओळच नाही. दुकानदाराने तो कॅबिनेटसोबत फुकट धरला आहे आणि हे मला अजिबात मान्य नाही. अशा डब्यावर ४५० किंवा ५०० वॅट ठळक छापलेले असते, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड चालतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्या आकड्याला १२ ने गुणले, की तो डबा कामाचे किती वॅट देतो ते लगेच कळते. आपल्याला नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा, ५५० वॅटचा एसएमपीएस वेगळा घ्यायचा आहे. ब्रॉन्झ हे मानांकन वीज किती वाया जाते एवढेच सांगते, संरक्षणाबद्दल काही सांगत नाही, म्हणून ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्ट-सर्किटपासूनचे संरक्षण खोक्यावर लिहिले आहे का ते निराळे वाच. त्याच लेबलवर आणखी एक ओळ असते आणि आपल्यासाठी ती सर्वांत मोलाची आहे: इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे की नुसते २०० ते २४०. काही स्वस्त एसएमपीएस २०० व्होल्टच्या खालची वीज गृहीतच धरत नाहीत. आपल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) गावातल्या घरांबरोबर वावरातल्या मोटारीही आहेत आणि ओलिताच्या दिवसांत केंद्रातल्या स्टॅबिलायझरचा आकडा १८० च्या खाली उतरलेला तू स्वतः पाहिला आहेस. १०० व्होल्टपासून चालणारा एसएमपीएस असला तर त्या १८० चेही त्याला काही वाटणार नाही.

लाइन गेल्यावर मात्र बॅटरीवर वीज देणारा यूपीएस लागतोच. केंद्रातला ६०० व्हीएचा यूपीएस तुला पुरेल असे तू लिहिले आहेस. अशा यूपीएसचे ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅट. तुझा प्रोसेसर ६५ वॅटचा, आपण ठरवू ते कार्ड १३२ वॅटचे, वर मदरबोर्ड, पंखे, एसएसडी (साठवणीची डिस्क) आणि मॉनिटर धरले तर खेळताना २५० ते ३०० वॅट सहज लागतील आणि बॅटरी जुनी झाली की तो यूपीएस एवढा भार पेलणार नाही. शिवाय तो केंद्राच्या कामासाठी आहे. एखाद्याचा अर्ज अर्धा भरलेला असताना लाइन गेली तर मला तो जागेवर हवा. तेव्हा १००० व्हीएचा वेगळा यूपीएस यादीत धर. घरगुती यूपीएस बॅटरीवर गेले की बहुधा भिंतीतल्यासारखी शुद्ध साइन वेव्ह (सलग लाटेसारखी वीज) देत नाहीत आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस नेमके त्याच क्षणी बंद पडतात. कोणाची जोडी कोणाशी जमते हे खोक्यावरून कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच सगळे जोडून, गेम सुरू असताना यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करून दाखवायला सांग. कॉम्प्युटर चालूच राहिला तरच ती जोडी घे.

अर्थिंगचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले आहे. मागच्या खोलीतल्या बोर्डात तिसऱ्या पिनेचे भोक आहे, पण तिथे तारच जोडलेली नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतच असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत उतरतो, नसेल तर पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी पडते आणि जमिनीशी असलेला संबंध सैल होतो, म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून मार्चपासून तिथे नेमाने पाणी घालावे लागेल. काम झाल्यावर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून पाहू. फेज आणि न्यूट्रलमध्ये येतात जवळपास तेवढेच व्होल्ट तिथेही आले पाहिजेत. आणि रोहिणीच्या वादळात विजा कडाडू लागल्या, की यूपीएसवर विसंबून न राहता प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवायच्या.

आता उष्णतेचे. तू लिक्विड कूलर धरला आहेस आणि पुढून काचेची अखंड तावदाने असलेले कॅबिनेट निवडले आहेस. दिसायला ते फार सुंदर आहे, पण हवा आत शिरायला त्याला वाट कुठे आहे? कूलर पाण्याचा असो की पंख्याचा, कुठल्याही भागाचे तापमान तो खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत जो भाग ७० अंशांवर चालतो, तोच ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणार, आणि तुझ्या यादीतल्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे. पुढून जाळी असलेले आणि काढून धुता येईल असा डस्ट फिल्टर असलेले कॅबिनेट घे, समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा ठेव, आणि लिक्विड कूलरच्या जागी १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर लाव. एकट्या या बदलातून यूपीएसच्या पैशांचा मोठा भाग निघतो.

फिल्टर का, तर बैठकीत सध्या छताच्या निम्म्यापर्यंत कापूस रचलेला आहे. त्याची तूस हवेत तरंगते आणि केंद्रातल्या प्रिंटरच्या फटीत जाऊन बसते. मी तो उघडते तेव्हा रोलरवर पांढरा थर निघतो. हीच तूस कूलरच्या पात्यांमागे धातूच्या पट्ट्यांत अडकली तर हवा पूर्ण अडते. उलंगवाडी होऊन, म्हणजे शेवटची वेचणी आटोपून, घर झाडून निघेपर्यंत कॉम्प्युटर बैठकीत आणायचा नाही. ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, भरधाव फिरू देऊ नये. आणि डेझर्ट कूलरचा ओलसर झोत कॅबिनेटवर थेट येणार नाही अशी टेबलाची जागा मी पाहून ठेवली आहे.

प्रोसेसर तू योग्य निवडला आहेस. सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामे), ६५ वॅट, आणि त्याला लागणारे एएम४ सॉकेटचे मदरबोर्ड व डीडीआर४ प्रकारची रॅम सध्या स्वस्तात मिळतात. त्यात बदल नको. दुकानदार म्हणेल की ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच आहे, कार्ड नंतर बघा. पण त्यातली एल३ कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ५६०० च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पुढे कार्ड लावल्यावर तीच कमी आपल्याला नडत राहील. मदरबोर्ड मात्र उगाच भारी घेतला आहेस. तुला ओव्हरक्लॉक करायचे (ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचे) नाही, तेव्हा साधा बी४५० चिपसेटचा बोर्ड पुरेल. फक्त ५००० मालिकेचा प्रोसेसर चालेल एवढे ताजे बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) त्यात टाकून दे, असे आधीच सांग. रॅमची १६ जीबीची एक पट्टी नको, ८ च्या दोन घे म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) मिळेल, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगावर चालवणारी सेटिंग) सुरू कर, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावरच चालत राहते.

कार्डावर मी बराच विचार केला. तुझ्या यादीत आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबी आणि १७० वॅट. माझे मत आरएक्स ६६०० ला आहे: ८ जीबी, १३२ वॅट, आणि १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर तुझे गेम त्यावर उत्तम चालतील. मेमध्ये त्या बंद खोलीत ३८ वॅट उष्णता कमी होईल हेही मला महत्त्वाचे वाटते. ब्लेंडर (थ्रीडी चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर) तू मनापासून शिकणार असशील तर गोष्ट वेगळी आहे. त्या कामात एनव्हिडियाचे कार्ड वेगवान पडते, आणि मग साठ हजारांत बसवायला १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) मॉनिटर सोडून साधा घ्यावा लागेल. हा निर्णय तुझा आहे, पण तो खोटी आशा न धरता घे. आरएक्स ६५०० एक्सटी कोणी स्वस्तात दिले तरी घेऊ नकोस: ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (डेटाच्या वाटा), त्यामुळे जुन्या, संथ पीसीआयच्या बी४५० वर ते आणखी मागे पडते. मैत्रिणीच्या भावाकडचे जुने कार्डही नको. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून ते चलन मिळवणे) बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. त्यातली काही चांगली चालतातही, पण पंखे आणि थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या) झिजलेले असू शकतात, आणि बिल नसेल तर पुढे वॉरंटीसाठी कोणाकडे जाणार?

एसएसडी १ टीबीचीच घे. हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो आणि आपल्याकडे मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत तो उतरवणे होणार नाही. हॉस्टेलच्या वायफायवर उतरवून, स्टीम या गेमच्या ॲपमधून बॅकअप घेऊन बाहेरच्या डिस्कवर आण. क्रॅक केलेला गेम मात्र या घरात येऊ द्यायचा नाही, आणि तुझा पेन ड्राइव्ह केंद्राच्या कॉम्प्युटरला लागता कामा नये. तिथे लोकांचे आधार, सातबारा आणि बँकेचे कागद असतात, आणि लोक ते माझ्या भरवशावर देतात.

भाग हप्त्याहप्त्याने घेऊ नकोस. आधी घेतलेला भाग सगळे जुळेपर्यंत तपासता येत नाही, आणि तोवर वॉरंटीचे दिवस मात्र जात राहतात. तूर निघाली की फेब्रुवारीअखेर पूर्ण रक्कम हातात येईल, तेव्हा एकदमच घेऊ. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" असे कोणी म्हणाले तर सरळ दुसऱ्या दुकानात जा. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घे आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच माग.

या बदलांसह नवे कोटेशन अमरावतीतल्या दोन दुकानांतून घे आणि मला पाठव; मी इथे दारव्ह्यातून यूपीएस आणि मॉनिटरचे भाव काढते, कारण त्या दोन वस्तू बिघडल्या तर जवळच्या दुकानात नेता आल्या पाहिजेत. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढायला विसरू नकोस, इनपुटची ओळ मला स्वतः वाचायची आहे.

तुझी,
आई