हर्णैच्या बाजूला वाळूत गाड्या घालणं आता बंद व्हायला हवं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत वीकेंडला कुठं जायचं यावर लेख होता, त्यात हर्णैचं नाव वाचून खूप बरं वाटलं, कारण आमचं गाव दापोली तालुक्यातलंच, मुंबईत राहत असलो तरी गणपती, शिमगा आणि मे महिना आमचा तिकडेच असतो. पण लेखासोबत फोटो छापलाय तो पाण्याच्या कडेनं पळणाऱ्या जीपचा, चाकाखालून पाणी उडतंय असा. माझं पत्र त्या फोटोबद्दल आहे.

हर्णैला बघण्यासारखं इतकं आहे की त्यासाठी गाडी वाळूत उतरवायची काही गरजच नाही. संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव लागतो, मोठ्या बोटी बाहेर पाण्यात उभ्या, तिथून माल छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी वाळूवर येतो, सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकूल टोपल्या टोपल्यांनी पडलेलं असतं आणि बोली इतक्या पटापट चालते की नवीन माणसाला कळतच नाही कुठला माल कुणाला गेला. समोर सुवर्णदुर्ग. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत महाराजांचे जे 12 किल्ले गेले त्यातला हा एक. होडीनं जायचं, अगदी तटाजवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, आणि दिसला की पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीत मारुती. किनाऱ्यावर कनकदुर्ग आहे तिथं दीपगृह, फत्तेगडावर आता कोळी वस्ती आहे, आणि गोवा किल्ला, ज्याचा तट अजून चांगला उभा आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्ले, कड्यावरचा गणपती. हे सगळं पायानं फिरायचं आहे आणि पोरांना घेऊन आरामात होतं.

आता गाड्यांचं. हर्णैच्या दक्षिणेला मुरूड, कर्दे इथली वाळू सपाट आणि ओली असली की कडक लागते म्हणून लोकांना वाटतं रस्ताच आहे. पुनव-अवसेला उधाण असतं, तेव्हा आपल्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास लागते, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, किनारा एकदम मोठा आणि मोकळा. नेमकं त्याच वेळी मुंबई-पुण्याची मंडळी पोचतात, सनसेट बघतात, गाडी तिथेच ठेवून जेवायला जातात आणि पाणी येतं रात्री. मग ट्रॅक्टर शोधा, दोर आणा, गावातली पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरून दुसऱ्याची गाडी ओढतायत, आणि हे मी स्वतः पाहिलंय, गाडीवाला वर उभा राहून त्यांच्यावरच ओरडत होता, मला फार वाईट वाटलं होतं. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, त्यामुळे शनिवारी जे गणित बरोबर आलं ते पुढच्या शनिवारी चालत नाही. आमच्याकडच्या कुठल्याही कोळणीला विचारा, ती तिथी सांगितली की वेळ सांगेल, पण विचारतं कोण?

आणि गाडी अडकली तर निदान ओढून काढता येते, कासवांचं काय? ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीच्या दिवसात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत फूट-दीड फूट खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. आंजर्ल्याला, वेळासला गावची माणसं पहाटे उठून किनारा चालतात, घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत नेऊन सांभाळतात, म्हणून तिथं कासव महोत्सव होतो आणि आपण मुंबईकर फोटो काढायला जातो. जे घरटं त्यांना सापडलं नाही त्याच्यावरून टायर गेला की वाळू दबते, आणि पिल्लं निघालीच तर चाकाच्या चरात अडकतात, तळहाताहून लहान जीव तो, त्याला चर म्हणजे दरी, तिथून तो वर येणार कसा? आपल्या वर्सोव्याला लोकांनी वर्षानुवर्षं कचरा उचलला तेव्हा कुठं मार्च 2018 मध्ये पिल्लं दिसली आणि सगळ्या मुंबईला आनंद झाला होता. तो आनंद खरा असेल तर दापोलीच्या किनाऱ्यावर आपण गाडी कशी घालतो हे मला समजत नाही.

युनेस्कोमुळे आता गर्दी वाढणार, वाढूदे, गावात चार पैसे येतील. माझं म्हणणं इतकंच की किनाऱ्यावर उतरायच्या वाटांवर दगड नाहीतर लोखंडी खांब लावावेत, नुसत्या बोर्डानं भागत नाही. गाड्या गावात मागच्या बाजूला, पार्किंगचे पैसे ग्रामपंचायतीला. सुवर्णदुर्गाच्या फेऱ्या तिथल्याच होडीवाल्यांकडे राहाव्यात, फक्त लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहान मुलाच्या मापाचं पण. जून-जुलै मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो, तेव्हा किल्ल्यावर न्या म्हणून कुणी होडीवाल्याच्या मागे लागू नये. आणि बंदरावर लिलावाच्या वेळी माणसं कामात असतात, बाजूला उभं राहून बघा, मासे घ्या, पण बैलगाडीच्या वाटेत सेल्फी नको.

तुमच्याकडून एक अपेक्षा आहे. अशा ठिकाणावर लेख छापाल तेव्हा शेजारी त्या शनिवार-रविवारची तिथल्या भरती-ओहोटीची वेळ छापा, चार ओळींची जागा लागेल, आणि फोटो जीपचा न देता बंदरावरचा द्या.

आपला नियमित वाचक,
परळ, मुंबई