'गन क्रेझी' मराठी सबटायटल्ससह दाखवण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

दिग्दर्शक जोसेफ एच. लुईस यांचा १९५० सालचा 'गन क्रेझी' हा अमेरिकन चित्रपट मराठी सबटायटल्ससह पुण्यात दाखवायचं आमच्या फिल्म सोसायटीनं ठरवलं आहे. प्रवेश सर्वांना विनामूल्य असेल. त्यासाठी पैसे हवेत, आणि त्याहून जास्त माणसं हवीत.

लहानपणापासून बंदुकीच्या वेडानं झपाटलेला बार्ट आणि जत्रेत नेमबाजीचे खेळ करणारी लॉरी यांची ही गोष्ट. लग्न होतं, पैसे संपतात आणि दोघं दरोडे टाकत पळत सुटतात. बार्टच्या हातून माणूस मारला जात नाही, लॉरीचा हात मात्र थरथरत नाही. जॉन डॉल आणि पेगी कमिन्स यांनी हा फरक नजरेतून, श्वासातून दाखवला आहे.

यातला एक प्रसंग तर मोठ्या पडद्यावरच पाहायला हवा. कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर आहे. दोघं गावात शिरतात, बँकेसमोर गाडी लावतात, बार्ट आत जातो. आपण मात्र गाडीतच! तेवढ्यात पोलीस येतो, लॉरी खाली उतरून त्याच्याशी गप्पा मारू लागते. सुमारे साडेतीन मिनिटं एकही कट नाही. गाडी लावायला जागा मिळेल ना, इथपासूनचं बरंचसं बोलणं नटांनी आयत्या वेळी केलेलं आहे. असं तुटक, घाईचं बोलणं दोन ओळींच्या मराठीत बसवणं हे कसबाचं काम. इंग्रजी कानानं टिपणारे आणि बोलती मराठी लिहिणारे कुणी असाल, तर जरूर या.

आणखी एक गोष्ट आम्हाला करायची आहे. पटकथेवर मिलार्ड कॉफमन यांचं नाव लागलं, पण लिहिणारे होते डाल्टन ट्रम्बो. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून काम नाकारलेल्यांच्या, म्हणजे हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्यामुळे त्यांना स्वतःचं नाव देता आलं नाही. आमच्या सबटायटल्समध्ये श्रेयनामावलीखालीच त्यांचं नाव येईल.

फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ पासूनचं फिल्म अर्काइव्ह असलेल्या या शहराला जागतिक सिनेमा नवा नाही. तरीही भराभर बोललेलं अमेरिकन इंग्रजी कळणार नाही म्हणून हडपसर, धायरी, येरवड्याकडचे कितीतरी रसिक अशा खेळांना येतच नाहीत. हा खेळ त्यांच्यासाठी आहे.

देणगी प्रदर्शनाचे हक्क, सभागृहाचं भाडं आणि प्रोजेक्टर यांवरच खर्च होईल. हक्क रीतसर घेतल्याशिवाय आम्ही खेळ लावणार नाही. शंभर रुपयेही चालतील, प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि खेळानंतर हिशेब सभासदांपुढे ठेवू. कुणाकडे चांगला प्रोजेक्टर किंवा स्पीकर असेल आणि एका संध्याकाळपुरता देता येत असेल, तर तेवढं भाडं वाचेल. ज्येष्ठांना घरून आणण्या-पोचवण्यासाठी गाडीवाले स्वयंसेवकही हवे आहेत. सोसायटीच्या कोणत्याही कार्यकर्त्याकडे नाव नोंदवावं.

आपली,
फिल्म सोसायटी कार्यकारिणी, पुणे