मनू, फाउंडेशन बॅचचं काय करायचं?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "पप्पा, फाउंडेशनला नाव घालायचं का नाही ते सांगा, सीटा संपत आल्यात." मी 'बघू' म्हटलं. आपल्या घरात 'बघू' म्हणजे काय ते तुला माहीत आहे, म्हणून तू पुढं काही बोलली नाहीस. तर ऐक, 'नाही'च आहे. पण का नाही, हे फोनवर सांगायला गेलो की तुझी मामेभावंडं मागं ओरडत असतात आणि माझं मशीन थांबलेलं असतं. मामा सोमवारी गडहिंग्लजला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. आंब्याचे हात धुऊन वाच.

त्या क्लासचं माहितीपत्रक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. गुळगुळीत कागद, वर रॉकेट, खाली टॉपर पोरापोरींचे फोटो. आत लिहिलंय, आठवीपासून जेईई-नीटची तयारी. आता जेईई, नीट आणि आपल्या राज्याची सीईटी, या तिन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. सीईटीत तर अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, बाकी सगळी बारावी. मग आठवीच्या पोरांना हे शिकवणार काय? तर आठवीचंच गणित, थोडं वळसे घालून, आणि रविवारी टेस्ट. त्यासाठी रोज संध्याकाळी पाच ते आठ. म्हणजे मैदान गेलं, लायब्ररी गेली, आठ वाजता जेवायचं आणि पेंगत शाळेचा गृहपाठ करायचा. वर फी तुझ्या शाळेच्या फीपेक्षा जास्त. मला हा सौदा पटत नाही.

आईचं मत वेगळं आहे, तेही सांगतो, नाहीतर तुला वाटायचं की आम्ही दोघं मिळून ठरवून आलोय. ती म्हणते, सगळी पोरं जातात, आपलीच मागं राहिली तर? तिची भीती खोटी नाही. म्हणून आमचं असं ठरलंय की दहावीच्या आधी हा विषय पुन्हा काढायचा आणि तेव्हा तुझं मत पहिलं विचारायचं. तुझी मैत्रीण जातेय तर तिला नावं ठेवू नकोस. तिच्या घरी दोघंही रात्री उशिरा येतात, तिला तीन तास कुठं तरी बसायचंच असतं.

शाहू महाराजांची एक गोष्ट तुला इतिहासाच्या पुस्तकात आली असेल, पण तिच्यातली मला महत्त्वाची वाटते ती बाजू वेगळी आहे. 1917 साली त्यांनी करवीर, म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत आलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड. त्या काळातला एक रुपया! आणि दंड कुणाला, तर आईबापाला. त्याच्या आधी, 1901 पासूनच, खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून त्यांनी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. महाराजांना नुसती शाळा काढून भागणार नाही हे कळलं होतं. पोरानं राहायचं कुठं, जेवायचं काय, घरचे त्याला पाठवणार का, हे आधी सोडवायला लागतं. कॉलेजच्या तयारीचं मी तसंच बघतो. तिच्यातला बराच भाग आईबापानं उरकायचा असतो, आणि तो क्लासला नाव घालून उरकत नाही.

आमच्या वाट्याची कामं आम्ही सुरू केलीत. पहिलं काम कागदाचं. तुझ्या आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आहे, शाळेच्या रजिस्टरला ते नाही. आज कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव छापलं जातं तेच पुढं सगळीकडं धरतात, म्हणून हे आत्ताच मिटवायचं. तू 15 वर्षांची झालीस की आधारला बोटांचे ठसे नव्यानं द्यायचे आहेत. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, हे सगळं बारावीचा निकाल लागल्यावर जूनच्या पावसात सेतूच्या रांगेत उभं राहून करणारे बाप मी दरवर्षी बघतो. चेहरा बघण्यासारखा असतो त्यांचा. वर्कशॉपच्या कपाटात तुझ्या नावाची निळी फाईल केलीय.

दुसरं काम पैशाचं. तू लहान होतीस तेव्हाच पोस्टात तुझ्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं काढलं. पोरीचं वय दहाच्या आत असतानाच ते निघतं. वर्षाला किमान 250 रुपये भरावेच लागतात, जास्तीत जास्त दीड लाख. आपण मधे कुठं तरी आहोत, सुरुवातीच्या जवळ. पंधरा वर्षं भरायचं, खातं काढल्यापासून एकवीस वर्षांनी ते पुरं होतं. पण तू दहावी झालीस किंवा अठरा पूर्ण झालीस की शिक्षणासाठी त्यातले निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. सातवीला तुला बँक आणि सरळव्याजाचा धडा होता ना? सुट्टीवरनं आलीस की पासबुक घेऊन बस. सरळव्याजानं हिशेब कर, पोस्टाच्या आकड्यापेक्षा कमी येईल. कमी का येतो, ते आठवीत चक्रवाढ व्याज शिकलीस की मला समजावून सांग.

आणखी एक. 2024 पासून राज्य सरकारनं इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सना ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मधल्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. म्हणून तर ते दाखले. पण होस्टेल, मेस, पुस्तकं, येणं-जाणं हे राहतंच. पुण्याला राहायचं झालं तर मोठा खर्च तोच असतो. पोस्टातले पैसे त्यासाठी आहेत. फी कुठनं येणार, हा विचार तू डोक्यात घ्यायचा नाही. तो आमच्याकडं.

आता तुझं. मार्चमध्ये तू डबा घेऊन उद्यमनगरला वर्कशॉपवर आली होतीस, तेव्हा लेथच्या चकात टेपरचा, म्हणजे एका टोकाकडं निमुळता होत जाणारा जॉब होता. ड्रॉइंगवर एका टोकाला व्यास 40 मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला 30, लांबी 50. तू विचारलंस, टूल तिरकं कसं चालतं? मी कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल ज्यावर बसतं तो भाग, फिरवून दाखवली. मग तू विचारलंस, किती फिरवायची ते कसं कळतं? व्यासातला फरक 10, पण टूल एकाच बाजूनं कापतं म्हणून त्याचा निम्मा, 5. पन्नासाला पाच, म्हणजे दहाला एक. हे गुणोत्तर तू उभ्या-उभ्या काढलंस, मी सांगितलं नव्हतं. त्याचा कोन भिंतीवरच्या तक्त्यात बघितला, 5 अंश 43 मिनिटं (एका अंशाची 60 मिनिटं). तुझा पुढचा प्रश्न होता, लांबी निम्मी, 25 केली तर कोन दुप्पट होणार का? दुप्पट म्हणजे 11 अंश 26 मिनिटं. तक्त्यात मिळाले 11 अंश 19. सात मिनिटं कुठं गेली, म्हणून तू डबा घेऊन परत निघालीस तरी पुटपुटत होतीस.

हा प्रश्न तारखेसकट वहीत लिहून ठेव. सातवीच्या समप्रमाणाच्या धड्यात एक दुप्पट झालं की दुसरंही दुप्पट होतं. कोनाचं तसं होत नाही. नववीत त्रिकोणमिती येईल तेव्हा थोडं उलगडेल, अकरावीत पुरतं. तिथं तुझ्या शेजारच्या बाकावरची पोरं सूत्र पाठ करत असतील आणि तुझ्याकडं मार्चपासून अडकलेला प्रश्न असेल. मला कॉलेजची तयारी म्हणजे हीच वाटते. असे प्रश्न जमवायला वेळ लागतो, रिकामा वेळ, आणि संध्याकाळी पाच ते आठमध्ये तो मला विकायचा नाही.

तुझी पाटी कुठं कच्ची आहे तेही सांगतो, गोड-गोड लिहून उपयोग नाही. अपूर्णांकाचा भागाकार तू अजून चाचपडत करतेस आणि उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना विसरतेस. बीजगणित सगळं यावर उभं राहतं. जूनपर्यंत रोज दहा गणितं, बस्स, अकरावं करू नकोस. दुसरं म्हणजे वाचन. तू भराभर वाचतेस, पण काय वाचलंस विचारलं की "मस्त आहे" म्हणतेस. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे, आपल्या शहरात पावणेदोनशे वर्षं लोकांना पुस्तकं मिळतायत. वर्गणी मी भरतो, पुस्तक तू निवड, पण परत करायच्या आधी आज्जीला जेवताना ते सांगायचं. आज्जी कंटाळली तर सांगणं जमलं नाही असं समज.

विजेचं बिल आलं की ते आता तू वाचायचं. आज्जीला वाटतं शंभर युनिटच्या वर गेलं की सगळ्या बिलाला चढा दर लागतो. तसं नाही, शंभरच्या पुढच्या युनिटांनाच लागतो. तिला आकडे मांडून पटवून दे. मी हरलोय. हसू नकोस, कॉलेजात अर्धा वेळ हेच करायचं असतं, कुणी तरी किचकट लिहिलेलं वाचून सोप्या भाषेत सांगायचं. आणि तुझी शाळा सेमी आहे तरी रोज एक पान इंग्रजी मोठ्यानं वाच. माझ्या मशीनचं मॅन्युअल चालेल, कॉमिक चालेल. पुढची पुस्तकं इंग्रजीत येणार, तेव्हा भाषेनं अडवलं असं व्हायला नको.

परीक्षेची सवय हवीच असेल तर आठवीत एनएमएमएसला बस. ती केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी. सातवीत 55 टक्के हवेत आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. परीक्षा निम्मी सातवी-आठवीच्या अभ्यासावर आणि निम्मी बुद्धिमत्तेवर. क्लासवाले परीक्षेची सवय लावायला पैसे घेतात, इथं निवड झाली की सरकार पैसे देतं. नाही लागली तरी कुणी काही म्हणणार नाही, आत्ताच लिहून देतो.

राहिलं इस्रो. 2023 च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-3 उतरलं तेव्हापासून तू तेच म्हणतेस. मी म्हटलं, खरंच बघू तरी वाट कशी आहे. तिरुअनंतपुरमला आयआयएसटी म्हणून अंतराळाचीच संस्था आहे, तिथं जेईई ॲडव्हान्स्डवरनं प्रवेश मिळतो. अवघड आहे. पण इस्रोत जायची वाट ही एकच नाही. तिथं डिप्लोमावाले टेक्निकल असिस्टंट घेतात आणि आयटीआय झालेले टेक्निशियनही घेतात. तुझा बाप आयटीआय टर्नर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही लक्षात असू दे. आणि पुढच्या वर्षी तुला इस्रोऐवजी जनावरांची डॉक्टर व्हावंसं वाटलं तर मला धक्का बसणार नाही. तेरा वर्षांच्या माणसाचं मत बदलतंच.

जूनच्या पहिल्या रविवारी वर्कशॉप बंद ठेवतोय. आपण दोघं गाडीवरनं विद्यानगरला जायचं. शिवाजी विद्यापीठ तू फक्त रस्त्यावरनं बघितलंयस. आत मोर आहेत, मोठा कॅम्पस आहे. रविवारी वर्ग बंद असतील, ते बरंच आहे, निवांत फिरता येईल. तिथंच राजाराम कॉलेज, 1880 सालापासूनचं, आणि शासकीय तंत्रनिकेतन. नंतर एखाद्या कामाच्या दिवशी माझ्या ओळखीचा एक पोरगा तंत्रनिकेतनचं वर्कशॉप आतनं दाखवणार आहे, परवानगी काढून. गल्लीतली ताई फार्मसीला आहे, तिच्याशी बोल. "किती टक्के पडले" हे विचारू नकोस, सगळे तेच विचारतात. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतेस ते विचार, आणि सगळ्यात कंटाळवाणं काय असतं ते.

मैदान चालू ठेवायचं. आठवीत गेलीस म्हणून फुटबॉलचे बूट कुणी काढून घेणार नाही, आईशी तसं बोलणं झालंय. रात्री दहाला मोबाईल आमच्या खोलीत, माझाही तिथंच ठेवणार.

मामाकडं गुडघ्याचं तेल दिलंय, ते गडहिंग्लजच्या आज्जीला दे. या पत्राचं उत्तर फोनवर नको, लिहून पाठव, निदान दोन पानं. माझं कुठलं म्हणणं पटलं नाही ते आधी लिही. क्लासबद्दल अजून वाद घालायचा असेल तर घाल, पण त्या माहितीपत्रकातली वाक्यं नकोत, तुझी पाहिजेत. येताना एसटीत खिडकीशी बस आणि उलटीची गोळी आधी घे.

तुझे,
पप्पा