‘ती’ ही छपाईची चूक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्त्रियांच्या आपसातल्या प्रेमावरच्या अलीकडच्या कादंबऱ्यांविषयी आलेला लेख वाचला. लेखकाने पुस्तकं मनापासून वाचलेली दिसतात, त्यामुळे हे पत्र तक्रारीचं नाही. निदान पूर्ण तक्रारीचं नाही. दोन गोष्टी मात्र घशाखाली उतरल्या नाहीत. पहिली म्हणजे, ‘घरी सांगण्याचा’ प्रसंग आता घासून गुळगुळीत झाला आहे, असं ते म्हणतात. मुलीने आईसमोर उभं राहून रडायचं, आईने भिंतीकडे बघायचं, आणखी किती वर्षं? दुसरी म्हणजे, सबंध लेखात या बायकांना त्यांनी एकदाही जोडीदार म्हटलेलं नाही. सगळीकडे ‘मैत्रिणी’. मोजलं, ११ वेळा. मोजायची खोड जात नाही. ३१ वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलं आहे.

दुसऱ्याच्या चुका दाखवण्याआधी माझी एक सांगते. खिळ्यांच्या छपाईचे शेवटचे दिवस होते. एका मासिकासाठी परभाषेतून अनुवादित केलेल्या कथेची प्रुफं माझ्याकडे आली. कथेतली बाई रात्रभर कुणाची तरी वाट बघत बसते आणि पहाटे ‘ती’ येते, ओले बूट काढते, शेजारी येऊन निजते. मी पेन्सिल उचलली आणि ‘ती’चा ‘तो’ केला, ‘आली’चं ‘आला’ केलं. मूळ हस्तलिखित हाताशी होतं. उघडून बघावंसंही वाटलं नाही, कारण कंपोझिटरचा हात चुकला आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सात ठिकाणी दुरुस्ती केली. आठवी जागा नजरेतून निसटली. म्हणजे छापलेल्या कथेत ते माणूस सात वेळा पुरुष आणि शेवटच्या परिच्छेदात एकदाच बाई! अनुवादक बाई अंक हातात घेऊन आल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी त्या आठव्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “एवढी एक बरोबर राहिली हो.” एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. त्या सात ‘तो’बद्दल नाही आणि त्या एकट्या ‘ती’बद्दलही नाही.

हे पुढे विसरलेही असते. पण काही वर्षांपूर्वी माझी भाची मला म्हणाली, “मावशी, माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे.” मी खूश झाले. पुढचे सात-आठ महिने ती त्या व्यक्तीबद्दल बोलत राहिली. ती फार हट्टी आहे, ती झोपेत बोलते, तिला पोहता येत नाही. आणि मी काय ऐकत होते? व्याकरण! ‘व्यक्ती’ हे स्त्रीलिंगी नाम; लोक पहिल्या वाक्यात ‘ती व्यक्ती’ म्हणतात आणि दुसऱ्याच वाक्यात ‘तो’वर घसरतात. ही पोरगी मात्र महिनोन्‌महिने एकदाही घसरली नाही. माझ्या हाताखाली वाढलेलं मूल, म्हणून मनातल्या मनात कौतुक चाललं होतं. शेवटी एका संध्याकाळी तीच कंटाळून म्हणाली, “मावशी, ‘व्यक्ती’ काढून टाक. वाक्य तसंच राहतं.”

रडारड झाली नाही. मी भिंतीकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला आधी ती प्रुफं आठवली, आणि मग हसू आलं, आणि त्या हसण्याचा तिने वेगळा अर्थ घेतला. तो निस्तरायला रात्र गेली.

म्हणून लेखकमहाशयांना सांगावंसं वाटतं की हा प्रसंग कुठल्या भाषेत घडतो त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. इंग्रजीत ‘माय पार्टनर’ म्हणून वर्षं काढता येतात. जेनेट विंटरसन यांची ‘रिटन ऑन द बॉडी’ ही १९९२ मधली कादंबरी तर अशी आहे की निवेदक पुरुष आहे की बाई, हे पुस्तक संपलं तरी कळत नाही. ते पुस्तक मराठीत कुणी कसं आणणार? ‘मी आले’ की ‘मी आलो’, इथेच गाडी अडते. बंगालीत सर्वनामाला लिंग नाही, तुर्कीतही नाही. आपल्याकडे सर्वनामाला आहे, वर क्रियापदालाही आहे. भाचीने नंतर मला तिच्या सगळ्या युक्त्या सांगितल्या. भविष्यकाळ बरा: ‘येईल’, ‘येणार आहे’. भूतकाळ धोक्याचा. ‘फोन केला होता’ चालतं, ‘आली होती’ चालत नाही. ‘आम्ही गेलो’ निर्धास्त म्हणावं, कारण प्रथमपुरुषी अनेकवचनात बाईपुरुष सारखेच. मात्र ‘दोघी’ हा शब्द चुकूनही तोंडातून जाऊ द्यायचा नाही. ३१ वर्षं मी हे व्याकरण तपासलं, पण त्याचा असा उपयोग होतो हे मला ठाऊक नव्हतं. जी मुलगी दिवसभर क्रियापदांच्या शेपट्या सांभाळत बोलते, तिचं ‘घरी सांगणं’ एका प्रसंगात कसं मावेल? आणि मराठीत ते इतक्या थोड्यांनी लिहिलं आहे की गुळगुळीत व्हायला आधी पुरेसं हाताळलं तर जायला हवं.

मराठीत काहीच नाही असं म्हणणार नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. शीर्षकाकडे कधी नीट बघितलंत का? सुमित्राची ‘मित्रा’ होते, आणि तिची गोष्ट ही वाचणाऱ्याला आधी एखाद्या पुरुष मित्राची गोष्ट वाटते. एका विभक्तिप्रत्ययाआड तेंडुलकरांनी सगळं नाटक ठेवलं आहे. पण ती गोष्ट सांगतो बापू, तिच्यात गुंतलेला तरुण. मित्राचं मन आपल्याला त्याच्या तोंडून कळतं, आणि शेवटी ती जीव देते. नाटक थोर आहे, त्यात वाद नाही. भाचीने ते १९व्या वर्षी वाचलं आणि पुढे कित्येक वर्षं अशी कुठलीही गोष्ट उघडली की ती आधी शेवटचं पान बघायची, कोण मेलं आहे का म्हणून.

ही खोड तिच्या एकटीची नसावी. अमेरिकेत १९५२ मध्ये ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी क्लेअर मॉर्गन या नावाने छापली गेली. त्या मॉर्गनबाई म्हणजे पॅट्रिशिया हायस्मिथ. स्वतःच्या नावावर ते पुस्तक घ्यायला त्यांना १९९० उजाडलं. कथेत एकीला मुलीचा ताबा गमवावा लागतो, म्हणजे फुकटात काही मिळत नाही. तरी शेवटी दोघी जिवंत असतात आणि एकमेकींकडे निघालेल्या असतात. तेवढ्यासाठी वाचकांनी त्यांना ढिगांनी पत्रं पाठवली. कारण तोवरच्या अशा कादंबऱ्यांत बायकांना मरावं लागे, नाहीतर सुधारून लग्न करावं लागे. आपल्या पुरवणीतल्या लेखकमहाशयांना सुखान्त शेवट ‘सोपा’ वाटतो. असेलही. ज्यांच्या वाट्याला शतकभर प्रेतंच आली त्यांना थोडं सोपं वाचू द्यावं.

‘तेच ते’ या आरोपाला सगळ्यात चांगलं उत्तर मला एका कोरियन कादंबरीत सापडलं. किम हे-जिन यांची ही कादंबरी मूळ भाषेत २०१७ मध्ये आली, इंग्रजीत २०२२ मध्ये, ‘कन्सर्निंग माय डॉटर’ नावाने. माझं इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचण्याइतकंच आहे, तरी चार दिवसांत संपवली. सांगणारी आहे आई, साठी ओलांडलेली विधवा, वृद्धाश्रमात आजाऱ्यांची सेवा करून पोट भरणारी. मुलगी पैशांच्या ओढाताणीमुळे घरी राहायला येते आणि बरोबर आपल्या जोडीदारालाही आणते. आईला सगळं आधीपासून माहीत आहे. गौप्यस्फोट नाही, दार आपटणं नाही. माहीत असलेली गोष्ट माहीत करून घ्यायची नाही, यासाठी ही बाई किती कष्ट घेते! एकाच छपराखाली, एकाच स्वयंपाकघरात. आणि तिकडे कामावर ती एका म्हातारीला सांभाळते जिने लग्न केलं नाही, मूल नाही, आणि जिला आता कुणी नाही. आईची भीती तिथून येते: माझ्या मुलीचं म्हातारपण असंच जाणार का? ती भीती माझी आहे. भाचीशी मी कितीही मोकळेपणाने बोलत असले तरी ती माझी आहे, आणि पुस्तकाने ती माझ्या तोंडावर मारली. शेवट सांगत नाही. आई एका रात्रीत बदलत नाही, एवढं सांगते.

लेखात एका ठिकाणी म्हटलं आहे की या कादंबऱ्या अशा नात्यांचं ‘उदात्तीकरण’ करतात. २०१९ च्या बुकर पुरस्काराची एक मानकरी, बर्नार्डिन इव्हारिस्टो यांची ‘गर्ल, वुमन, अदर’ त्यांनी चाळावी. त्यातली डॉमिनिक जिच्या प्रेमात पडून परदेशी जाते ती बाई तिला हळूहळू कोंडून टाकते, माणसं तोडते, नावसुद्धा बदलायला लावते. दोघी असल्या म्हणजे प्रेम आपसूक निर्मळ होत नाही, आणि हे लिहायला आता लेखिका घाबरत नाहीत.

आता त्या ११ ‘मैत्रिणीं’कडे येते. शब्द वाईट नाही. भाची आणि तिची जोडीदार मैत्रिणीही आहेतच, आणि या शब्दाने अनेकींना वर्षानुवर्षं आसराही दिला आहे. घरात कुणी विचारलं की ‘मैत्रीण आहे’ म्हणायचं, खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. पण आसरा घ्यायचा की नाही हे त्या दोघींनी ठरवायचं. लेखिकेने पानोपानी त्यांना प्रेमात दाखवलं असताना परीक्षकाने त्यांना परत मैत्रिणी करणं म्हणजे मी त्या प्रुफांवर केलं तेच आहे. माझ्याकडे निदान पेन्सिल होती. ‘प्रेयसी’ कवितेतला वाटतो, मान्य. ‘सखी’ जरा भजनात जातो. ‘पार्टनर’ तरुण मुली सर्रास म्हणतात. मला स्वतःला ‘जोडीदार’ आवडतो, कारण तो दोन्ही लिंगांना चालतो आणि पुढच्या क्रियापदाला जे सांगायचं ते सांगू देतो: तिची जोडीदार आली. यापुढे असे लेख छापताना आपल्या संपादकीय विभागाने एवढं बघावं, ही विनंती.

पत्र पाठवण्याआधी भाचीला वाचायला दिलं. घरातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना तिने अजून सांगितलेलं नाही, म्हणून माझं नाव छापू नये. तिने मजकुरात एकच दुरुस्ती केली. ‘भाची आणि तिची जोडीदार’ या ठिकाणी ‘जोडीदार’ खोडून तिचं नाव लिहिलं. ते मी पुन्हा खोडलं आहे. तुमच्याकडे आलेल्या कागदावर दोन्ही खाडाखोडी दिसतील.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये)