रोपं पुरेत, नळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरामागची बाग चार वर्षं कुलूपबंद होती. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर चावी मिळवून आम्ही आठ जण रविवारी सकाळी खुरपी घेऊन आत शिरलो. गुडघ्यांची कुरकुर बाजूला ठेवून मीही गेले. पहिलं काम गाजरगवताचं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, एकेक झाड हजारो बिया टाकतं. हातमोजे हवेतच, मी पहिल्या दिवशी घातले नाहीत आणि आठवडाभर हात खाजवत बसले.

पालापाचोळा जाळायचा की नाही, यावर मात्र कडाक्याची भांडणं झाली. शेवटी कोपऱ्यात खड्डा केला: तीन भाग सुका पाला, एक भाग हिरवा, वर थोडी माती. पाच-सहा महिन्यांनी तळाशी काळंभोर, भुसभुशीत खत!

आता तक्रार. रोप लावायला (आणि फोटोला) साठ माणसं येतात, पाणी घालायला तिघं. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे तरी पाणी द्यावंच लागतं. संबंधित कार्यालयाने आम्हाला आणखी रोपं पाठवू नयेत. बागेत एक नळ द्यावा. बादल्या आमच्याकडे आहेत.

— एक निवृत्त शिक्षिका