'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय बिघडलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर महिन्यातून दोन-तीनदा तरी 'सर्व्हर डाऊन' हे शब्द वाचायला मिळतात. कधी दाखल्यांसाठी रांग लागलेली असते, कधी परीक्षा अर्जाची मुदत संपत आलेली असते, कधी पीक विम्याचा शेवटचा दिवस असतो. माणसं उन्हात उभी, मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको, आणि बातमीत कारण म्हणून तेवढे दोन शब्द. पुढे पूर्णविराम. मला त्या पूर्णविरामाबद्दल लिहायचं आहे.

मी चोपड्याची. तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या एका गटाचं कॉम्प्युटरचं काम गेली अकरा वर्षं बघते. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही. टायपिंगच्या क्लासपासून सुरुवात केली, पुढचं चुका करत शिकले. गटात चारशेच्या आसपास शेतकरी आहेत. रोज सकाळी सहाला त्यांच्या मोबाईलवर केळीच्या भावाचा संदेश जातो: रावेर काय, बऱ्हाणपूर काय, नवती (नव्या लागवडीची केळी) किती, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांपासून आलेली) किती. हे काम पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची फाईल, करते. ती कुणी ब्राऊझरमध्ये उघडत नाही. सर्व्हरवर 'क्रॉन' नावाचा एक गडी असतो, तो ठरल्या वेळी तिला उठवतो. कापणीची मजुरं सात वाजता बागेत उतरतात, व्यापाऱ्याचा माणूस बांधावर उभा असतो, त्यामुळे सहाचा संदेश आठला आला तर तो न आल्यासारखाच.

गेल्या वर्षी आम्ही सर्व्हर बदलला. जुन्या ठिकाणचं भाडं वाढलं होतं. नवीन कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्याच दिवशी संदेश गेला नाही. साडेसहाला पहिला फोन आला, "ताई, आज भाव नही उना?" मग फोनच फोन. मी घाईघाईने लॅपटॉप उघडला, सर्व्हरवर शिरले, स्क्रिप्ट हाताने चालवली. झटक्यात चालली. चारशे संदेश गेले. कंपनीच्या मदतीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, आमचा सर्व्हर सुरूच आहे, पिंग करून बघा. तुमच्या कोडमध्येच काहीतरी असेल." आणि गटाच्या अध्यक्षांनी तोवर सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं: सर्व्हर डाऊन होता.

संपादक महोदय, पिंग म्हणजे सर्व्हरला हाक मारून तो 'ओ' देतो का ते बघणं, आणि तो देत होता. सर्व्हर एक मिनिटही डाऊन नव्हता. हाताने चालवलं की चालतं आणि क्रॉनने चालवलं की चालत नाही, हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे. त्याचं औषधही जुनंच. पण आधी रोग दिसायला हवा, आणि तो दिसू नये याची सोय आमच्या आधीच्या प्रोग्रॅमरने स्वतःच करून ठेवली होती. क्रॉनच्या ओळीच्या शेवटी त्याने सगळं बोलणं 'डेव्ह-नल'कडे वळवलं होतं. डेव्ह-नल म्हणजे लिनक्समधली (सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो तीमधली) अशी फाईल, की तीत जे टाकाल ते नाहीसं होतं. तापीच्या पुरात चिठ्ठी सोडावी तसं. बिचारी स्क्रिप्ट रोज ओरडून सांगत असेल काय दुखतंय ते, आणि ऐकायला कुणी नाही.

ते वळण मी काढलं आणि एका साध्या लॉग फाईलकडे, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदवहीकडे, लावलं. इथेही एक गंमत आहे. आधी 'फाईलमध्ये लिही' म्हणायचं आणि मग 'चुकांचं बोलणंही तिथेच पाठव' म्हणायचं, हा क्रम. उलटा लिहिला तर चुका फाईलपर्यंत पोचतच नाहीत. मी हा क्रम आयुष्यात तीनदा तरी उलटा लिहिला आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला काही नाही. संदेश हाताने पाठवले. नऊ वाजता बघितलं, फाईलच तयार झालेली नाही. दुपारी बारा वाजता सहज पुन्हा बघितलं तर फाईल होती, आणि तिच्यावर वेळ होती सकाळी सहाची! सहाला जन्मलेली फाईल नऊला कशी दिसली नाही? मी खरंच दोन मिनिटं खुर्चीत मागे टेकून बसले. मग 'डेट' एवढाच आदेश दिला आणि उलगडा झाला. नव्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. क्रॉनमधली वेळ रात्री साडेबाराची केली की चोपड्यात बरोबर सहा वाजतात.

आणि त्या फाईलमध्ये एकच ओळ होती: पीएचपी सापडत नाही.

आता पीएचपी तर सर्व्हरवर होतं, मी हाताने तेच चालवत होते. पण मी लॉगिन करते तेव्हा माझ्यासोबत एक यादी येते, कुठकुठल्या फोल्डरमध्ये आदेश शोधायचे याची. तिला पाथ म्हणतात. क्रॉनकडची यादी अगदी तोकडी असते, बहुधा दोनच फोल्डरची. आमचं पीएचपी तिसऱ्याच जागी बसवलेलं. म्हणजे मला घर माहीत आणि गड्याला नाही. गड्याला पूर्ण पत्ता लिहून दिला, मुळापासून शेवटपर्यंत, की तो बरोबर पोचतो. पुढे लॉगने आणखी एक अडचण सांगितली, ती दोन मिनिटांत मिटली: क्रॉन काम सुरू करतो ते स्वतःच्या घरातून, स्क्रिप्टच्या फोल्डरमधून नव्हे, म्हणून शेजारची सेटिंगची फाईल त्याला दिसेना.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडच्या कॉलेजात पीएचपी शिकलेली मुलंसुद्धा इथे अडकतात. पीएचपी १९९५ मध्ये आलं ते वेबपानांसाठी. आदेशाच्या ओळीवर (कमांड लाईनवर, म्हणजे ब्राऊझरशिवाय आदेश टाईप करून) चालणारं त्याचं वेगळं रूप नंतरचं, २००२ च्या शेवटी आलेल्या ४.३ या आवृत्तीपासून ते रीतसर सोबत मिळू लागलं. दोघं जुळी भावंडं, पण एक मामाच्या गावी वाढलेलं. वेबवालं अर्ध्या मिनिटात काम झालं नाही तर थांबवलं जातं, ओळीवरच्याला वेळेचं बंधनच नसतं. पुष्कळ सर्व्हरवर दोघांच्या सेटिंगच्या फाईली वेगळ्या असतात, आणि कधी कधी आवृत्त्यासुद्धा. आमच्या नव्या सर्व्हरवर वेबसाठी ८.२ होतं आणि ओळीवर ७.४, ज्याची सुरक्षेची दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झालेली. कंपनीने हे कुठेही सांगितलेलं नव्हतं. वेबपानावर वेळ भारताची बरोबर दिसायची, कारण कुणीतरी वेबच्या सेटिंगमध्ये 'आशिया/कोलकाता' लिहिलं होतं. ओळीवरच्या सेटिंगमध्ये ती ओळ नव्हती. आमची भाव गोळा करणारी दुसरी स्क्रिप्ट पहाटे पाचला चालते, ती कालचीच तारीख टाकून मोकळी व्हायची. कुठली सेटिंगची फाईल वापरली जाते आहे हे पीएचपीलाच विचारता येतं, '--आयएनआय' एवढं म्हणायचं. पंधरा सेकंदांचं काम. ते पंधरा सेकंद कुणी देत नाही, आणि वेबच्या फाईलमध्ये बदल करून 'काहीच फरक पडत नाही' म्हणून डोकं धरून बसतात. मीही बसले आहे.

तिसऱ्या दिवशी संदेश सहाला गेले. मी चहा ठेवला. पहिला फोन आला तो धनवाडीच्या बाजूच्या एका काकांचा. "ताई, आकडा उना, पण कोना?"

मोबाईल बघितला तर खरंच. संदेशात फक्त आकडे. रावेर नाही, बऱ्हाणपूर नाही, नवती नाही, पिलबाग नाही. स्वल्पविराम आणि अपूर्णविराम जागच्या जागी, त्यांच्यामधली मराठी अक्षरं तेवढी गायब, जसं काही कुणी खोडरबर घेऊन बसलं होतं. कुठला आकडा नवतीचा आणि कुठला पिलबागेचा हे कळेना. दोघांत क्विंटलमागे दोन-तीनशेचा फरक असला तर शेतकरी काय समजणार?

ही चूक शोधायला मला दीड दिवस लागला आणि ती मी कधी विसरणार नाही. आमची स्क्रिप्ट संदेश पाठवायला शेलमधला (टाईप केलेले आदेश चालवतो तो शेल) एक छोटा प्रोग्रॅम हाक मारून बोलावते आणि संदेशाचा मजकूर त्याच्या हाती देते. असा मजकूर शेलला देताना आधी 'एस्केपशेलआर्ग' या फंक्शनमधून काढायचा असतो, म्हणजे त्यात कुणी भलताच आदेश लपवला असेल तर तो निव्वळ मजकूर बनून जातो. हे करायलाच हवं, त्यात सूट नाही. पण हे फंक्शन अक्षरं ओळखतं ते त्या वेळच्या भाषेच्या सेटिंगवरून, त्याला लोकेल म्हणतात. मी लॉगिन करून चालवायचे तेव्हा माझ्यासोबत यूटीएफ-८ चं (जगातल्या सगळ्या लिप्या लिहिता येणाऱ्या पद्धतीचं) लोकेल यायचं, तिथे देवनागरी ओळखीची. क्रॉनसोबत काहीच येत नव्हतं, म्हणून नुसतं 'सी' नावाचं मूळ लोकेल, आणि त्याला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही समजत नाही. जे समजलं नाही ते त्याने गाळलं. लॉगमध्ये चकार शब्द नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लोकेल ठरवणारी एक ओळ घातली आणि रावेर-बऱ्हाणपूर परत आले. हे इंग्रजीत संदेश पाठवणाऱ्याला जन्मात कळलं नसतं, कारण त्याचं काही गळतच नाही.

मधल्या काळात आणखी एक गोंधळ झाला आणि तो सर्वस्वी माझा. घाईत मी स्क्रिप्ट एकदा रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी मालकाच्या नावाने, चालवली. लॉग फाईल पुसलेली होती, ती रूटच्या नावाने नव्याने तयार झाली. सकाळी क्रॉन आपल्या साध्या नावाने आला, त्याला त्या फाईलमध्ये लिहायला परवानगी नाही, आणि वळण लावता आलं नाही म्हणून शेलने पुढचा आदेशच चालवला नाही. दुखणं शोधता शोधता मीच नवं दुखणं लावलं होतं. मदतीच्या माणसाने यावर सल्ला दिला, "फोल्डरला ७७७ करून टाका, मॅडम, लगेच चालेल." ७७७ म्हणजे कुणीही वाचा, लिहा, चालवा अशी सरसकट परवानगी. चालेलच हो. घराची सगळी दारं काढून ठेवली तर किल्लीची अडचण कशी येणार? त्या फोल्डरमध्ये चारशे शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर होते. मी फाईलची मालकी बदलली आणि फोन ठेवला.

आता माझी तक्रार आणि मागणी. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत, जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये, आज कितीतरी संस्थांची कामं अशा रात्री-पहाटे चालणाऱ्या स्क्रिप्टवर आहेत. काम देताना करारात संकेतस्थळाचे रंग किती, पानं किती हे लिहिलेलं असतं. चुकांची नोंद कुठे राहील आणि ती कोण वाचेल हे कुठेच नसतं. ते लिहून घ्या. प्रत्येक आदेश संपताना एक आकडा मागे ठेवतो, शून्य म्हणजे ठीक, १२७ म्हणजे आदेशच सापडला नाही, १२६ म्हणजे सापडला पण चालवता आला नाही, पीएचपी मध्येच कोसळलं तर २५५. शून्य सोडून दुसरं काही आलं की जबाबदार माणसाच्या मोबाईलवर संदेश जावा, याला चार ओळी लागतात. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या वेळी कुणी 'सर्व्हर डाऊन' म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: लॉगमध्ये शेवटची ओळ काय आहे? उत्तर आलं तर तेच छापा. नाही आलं तर तेही छापा.

आपली वाचक,
चोपडा, जि. जळगाव

ता. क. हे पत्र लिहून ठेवलं आणि मंगळवारी संदेश पुन्हा गेले नाहीत. डिस्क शंभर टक्के भरली होती. ज्या लॉग फाईलची मी वर एवढी बाजू घेतली तिनेच ती भरली. एका लूपमध्ये तीच ती सूचना लाखो वेळा लिहिली गेली होती. आता ती फाईल रोज रात्री बदलते आणि सात दिवसांपूर्वीची पुसली जाते. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.